दोन मीटर वजा

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, सकाळी सव्वासातला, माझ्या फोनवर दिवाकरचा मेसेज आला. दिवाकर माझा नवरा. चौदा महिन्यांपूर्वी आमडोह खाणीत पाणी शिरलं तेव्हा अकरा माणसांना वर धाडून तो बारावा कोणी राहिला का ते पाहायला मागे फिरला, आणि परत आला नाही. तो खालच्या बुडालेल्या भागात आहे, असं कंपनीच्या नकाशावर लिहिलेलं आहे. खाली सही माझी. मी त्याच खाणीत सर्व्हेअर होते.

मेसेज 'नजर'चा होता, म्हणजे कुलूपबंद. वर दिवाकरचं नाव आणि खाली नुसती अक्षरांची भेळ. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा मी भानावर आले.

हे 'नजर' प्रकरण आता शेंबडी पोरंही वापरतात, पण त्याचा जन्म आमच्यासारख्या खाणींत झाला. खडकातून मोबाइलची रेंज जात नाही. मात्र तारेच्या वेटोळ्यात संथपणे वरखाली होणारी वीज सोडली, की भोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र खडक पार करतं, आणि नवीन फोनमधले संवेदक ते दोन किलोमीटरवरूनही टिपतात. शिवाय या क्षेत्राला प्रत्येक ठिकाणी आपला एक रोख असतो, एक कल असतो. पाठवणारा कुठे आहे, त्याचं यंत्र कोणत्या बाजूला तोंड करून आहे, घेणारा कुठे उभा आहे, यावर तो ठरतो. दोन्हीकडची यंत्रं आपापल्या जागी तो मोजतात आणि त्यातूनच कुलपाची किल्ली बनवतात. किल्ली कोणी कोणाला पाठवतच नाही, त्यामुळे वाटेत चोरीला जायचा प्रश्न नाही. घेणाऱ्यानं फोन बरोबर पाठवणाऱ्याच्या दिशेनं आणि बरोबर तेवढ्याच कलानं धरला, की मेसेज उघडतो. मनगट जरा वळलं की पुन्हा भेळ. बाजूनं डोकावणाऱ्याला पडदा काळा दिसतो आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर काहीच उघडत नाही.

कुठल्याशा खाणीत सुरुंग उडवायचा आदेश भलत्याच बोगद्यात उघडला गेला आणि दोन माणसं हकनाक गेली, त्यानंतर हे आलं. वर्षभरात ते साध्या फोनमध्ये उतरलं आणि मग लोकांच्या संसारात. माझ्या चुलत नणंदेचा नवरा नागपूरला मीटिंगमध्ये आहे म्हणायचा. त्याचा मेसेज उघडायला तिला बल्लारपूरकडे तोंड करावं लागलं. पुढचं मी सांगत नाही.

त्या सकाळी मी फोन हातात धरून अंगणात गोल फिरले. रोख जवळ आला की फोन थरथरतो. उत्तरेला, नदीच्या बाजूला, जमिनीत थोडा खाली कललेला, तिथे तो स्थिर झाला आणि भेळेची अक्षरं झाली.

'पाणी कमरेला. दिवा चालू आहे. वरच्या थराकडे निघतो.'

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "कोनाचा हाय वं?" त्यांनी विचारलं. चेहरा काही माझ्या ताब्यात नव्हता.

"दिवाकरचा हाय," त्याच म्हणाल्या. "मी तुले सांगत होती का नाई?"

सांगत होत्या खऱ्या. दिवाकरची तेरवी त्यांनी होऊ दिली नव्हती. देह मिळाला नाही तर कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी तसं सुचवलं तेव्हा त्यांनी कणकेची परात उचलून आत नेली आणि पोळ्या केल्या. माझं मंगळसूत्र, माझं कुंकू, सगळं त्यांच्या धाकानं जागच्या जागी होतं. मला स्वतःला काय वाटत होतं ते मला चौदा महिन्यांत कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

आत्याबाईंकडे एक पक्का पुरावा होता. खाणीतल्या माणसाच्या कमरेला नजरेची डबी असते. तिला चार्जर लागत नाही, अंगाच्या उबेवर ती चालते. अंगावरून काढून ठेवली की दोन दिवसांत झोपते.

"डबी जागी हाय म्हनजे आंग गरम हाय," त्या म्हणाल्या. "तूच सांगितलं होतं मले."

मी उत्तर लिहिलं, 'कुठे आहेस? सांग', आणि त्याच दिशेला फोन धरून पाठवलं. तिकडच्या माणसानं डबी आपल्याकडे रोखून मेसेज वाचला की इथे 'उघडला' अशी खूण येते. माझ्यापुढे 'पोचला' एवढंच आलं, आणि तेवढंच राहिलं.

"चालून रायला ना तो," आत्याबाई म्हणाल्या. "डबी कमरेले. वाचाले थांबन कसा?"

कंपनीच्या ऑफिसात फोन केला. तिथला साहेब फार गोड बोलला. यंत्रातला बिघाड असावा, मॅडम, मन घट्ट करा. बिघडलेलं यंत्र मराठीत बोलतं का, असं मी विचारणार होते, पण फोन ठेवला.

मग मी मला जे येतं ते केलं. तीन ठिकाणांहून तोच मेसेज उघडला: घरातून, पाण्याच्या टाकीपासून आणि बंद पडलेल्या हजेरीघरासमोरून. प्रत्येक ठिकाणाहून दिशा आणि कल मोजला. तीन रेषा नकाशावर ओढल्या की त्या जिथे मिळतात तिथे पाठवणारा. त्या मिळाल्या सव्वा किलोमीटरवर, खालच्या थरातून वर चढणाऱ्या वाटेवर. उंचीही काढली. तिथल्या बोगद्याच्या जमिनीपासून एक मीटर वर. पुरुषाची कंबर जिथे असते तिथे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. दुःखानं नव्हे. मी आशेला लावलेलं कुलूप माझ्याच पेन्सिलीनं उघडलं होतं आणि आत एवढं काय काय साठलेलं होतं याची मलाच कल्पना नव्हती.

दुसरा मेसेज नऊ दिवसांनी आला. 'पाणी मागे राहिलं. पंधरा नंबरचा बोगदा ओलांडला. चालतोय.' खाणीत घड्याळं मागेपुढे होतात म्हणून नजरेच्या मेसेजवर पाठवल्याची वेळ नसते, उघडल्याची असते. पुन्हा तीन ठिकाणं, तीन रेषा. या वेळी त्या चारशे मीटर अलीकडे मिळाल्या. उंची एक मीटर.

चौदा महिने माणूस काय खाऊन जगला, आणि चारशे मीटर चालायला त्याला नऊ दिवस का लागले? हे प्रश्न मला सुचले नाहीत असं नाही. मी ते गिळले. पाय मोडला असेल, सरपटत असेल. खाणीत उंदीर असतात, पाणी असतं. रात्री अंथरुणावर मी अशा गोष्टींच्या याद्या करायचे, आणि सकाळी मला त्या पटायच्या.

तिसरा मेसेज सहाव्या दिवशी. 'हवा लागतेय तोंडाला. जुन्या उताराच्या वाटेनं घराकडे येतो.' आणखी सातशे मीटर अलीकडे. उंची एक मीटर.

जुना उतार म्हणजे खाणीत शिरायची पहिली, तिरपी वाट. तिचं तोंड आमच्या वस्तीच्या टोकाला आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. पाणी शिरल्यावर नवव्या दिवशी तिथून घाणेरडा वायू यायला लागला म्हणून कंपनीनं तोंडाशी सिमेंटची जाड भिंत बांधून ते बंद केलं. बांधण्याआधी मला विचारलं होतं, या बाजूला कोणी असण्याची शक्यता? मी नकाशा पाहून लिहिलं होतं: नाही.

तिसरा मेसेज आत्याबाईंनी वस्तीभर केला. तीनशे घरांत दिवाळी झाली. बायका येऊन माझी ओटी भरून गेल्या. खुशाल मडावी, दिवाकरबरोबर वीस वर्षं सुरुंग लावलेला माणूस, दारात उभा राहून रडला. "वैनी, त्यानं मले ढकलून वर पाठवलं होतं. आता मी त्याले बाहेर काढतो. कंपनी आली तं आली, नाई तं नाई. उद्या सकाळी भिंत फोडतो."

मी हो म्हटलं. हे मी लपवणार नाही. मी हो म्हटलं, आणि दिवाकरचा शर्ट इस्त्री करायला घेतला.

सकाळी माणसं पहारी, घण आणि ड्रिल घेऊन उताराकडे गेली. आत्याबाई ओवाळायचं ताट घेऊन त्यांच्या मागे. मी निघण्याआधी वही उघडली, भिंतीपासून आत तो किती अंतरावर असेल ते खुशालला सांगावं म्हणून. तीन ओळी, तीन उंच्या. १.०२. १.०१. १.०३.

माणूस बसतो, वाकतो, झोपतो. सरपटणाऱ्या माणसाची कंबर तीनही वेळा एकाच उंचीवर कशी?

मी हिशेब पुन्हा केला आणि तिथे माझा हात थांबला. जमिनीवरचा सर्व्हेअर आपल्या खुणा जमिनीत ठोकतो. खाणीत तसं चालत नाही, तिथली जमीन फुगते, गाड्या तुडवतात. आम्ही खुंट्या छतात ठोकतो. छतातल्या खुंटीला ओळंबा लावायचा, तिच्याखाली दोन मीटरवर यंत्र उभं करायचं, आणि मिळालेल्या प्रत्येक उंचीतून दोन वजा करायचे. सव्वीस वर्षं मी प्रत्येक उंचीतून दोन वजा करत आले. माझा हात ते मला न विचारता करतो. इथे ओळंबा नव्हता, यंत्र नव्हतं, घराच्या अंगणातून फोन धरला होता. तरी हातानं दोन वजा केले होते, तीनही वेळा.

वजा न करता उंची येत होती तीन मीटर. आमच्या गॅलऱ्यांची, म्हणजे खालच्या बोगद्यांची, उंची तीन मीटर आहे. पाठवणारा छताला होता.

छताला माणूस नसतो. छताला माझ्या खुंट्या होत्या. साध्या नव्हेत, नजरेच्या. आतल्या माणसाचा मेसेज वर पोचला नाही तर जवळची खुंटी तो साठवून ठेवते आणि जमेल तेव्हा पुढे पाठवते. दोनशे बारा खुंट्या मी स्वतः उभं राहून ठोकून घेतल्या होत्या. त्याही उबेवर चालतात. खाण चालू असताना आतली गरम हवा त्यांना पुरते. खाण बंद झाली, सगळं गार झालं, आणि त्या दिवाकरचे मेसेज पोटात घेऊन झोपल्या.

आता त्या एकामागून एक जाग्या होत होत्या. दिवाकर चौदा महिन्यांपूर्वी जिथून जिथून चालत आला, त्या वाटेवरच्या. आत कोळसा पेटला होता. आपोआप पेटतो तो, थोडी हवा मिळाली तरी. जुन्या उतारातून बारीक हवा आत झिरपत होती. दिवाकर त्या हवेच्या दिशेनं आला होता आणि आगही त्याच हवेच्या दिशेनं येत होती. पंधरा दिवसांत अकराशे मीटर. आम्ही ज्याची ओटी भरून वाट पाहत होतो ती आग होती.

आणि कोंडलेल्या आगीला, तापलेल्या वायूला, दार उघडून एकदम हवा दिली तर काय होतं हे खाणीतल्या कोणत्याही माणसाला शिकवावं लागत नाही. भिंतीपुढे साठसत्तर माणसं असणार होती. त्यांच्यामागे वस्ती.

मी पायात चप्पल न घालता पळाले.

"थांबा! खुशालभाऊ, घण खाली ठेवा!"

भिंतीवर दोनचार घाव पडले होते, पोपडे निघाले होते. मी पोचले आणि आधी तळहात लावला. भिंत कोमट होती. डिसेंबरच्या सकाळी, सावलीतली भिंत.

"आत आग आहे," मी म्हणाले. "दिवाकर नाही. ते जुने मेसेज आहेत. खुंट्यांतले. माझा हिशेब चुकला होता. उंचीत दोन मीटरची चूक झाली माझी."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता दोन मीटरसाठी मानूस सोडाचा का?"

"वैनी," खुशाल समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तुमी थकल्या आहा. बाजूले बसा. तुमीच म्हनल्या होत्या का तो इकडं नाई. नकाशावर लिवून देल्लं होतं. तेवा बी हिशोबच केला होता ना जी?"

आत्याबाई ताट घेऊन भिंतीला खेटून उभ्या होत्या. त्यांनीही हात लावून पाहिला होता. "गरम लागून रायली," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "पोरगा टेकून बसला आसन आतून."

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. दिवाकर. चौथा मेसेज.

घण थांबले. मी भिंतीकडे तोंड केलं. खुंट्यांचा नकाशा मला पाठ आहे. शेवटची खुंटी भिंतीपासून वीस मीटर आत, उताराच्या छतात. फोन मी वर, तिच्याकडे धरला. काही नाही. डावीकडे, उजवीकडे. काही नाही. कोपर दुखायला लागलं म्हणून हात जरा खाली आला आणि फोन थरथरला. आणखी खाली आणला. आणखी थरथरला. मला गुडघे टेकावे लागले. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, अगदी जवळ, तो स्थिर झाला. इथे खुंटी नव्हती. इथे कमरेची डबी होती, भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाची.

'भिंतीपाशी आहे. तुमचं बोलणं ऐकू येतंय. सुगंधा, मी आत आहे. फोडा.'

मी ते तीनदा वाचलं. नवव्या दिवशी गवंडी बांधून झालेल्या भिंतीला बाहेरून गिलावा करत होते, बोलत होते, बिड्या ओढत होते, आणि पलीकडे तो बसला होता. पाण्यातून, अंधारातून, सगळी खाण चढून तो मी 'नाही' लिहिलेल्या जागी येऊन पोचला होता. तेव्हा गारठलेल्या अंगाची ऊब डबीला मेसेज धाडायला पुरली नसणार; आता आग भिंतीच्या मागे आली होती आणि डबीला तिची ऊब लागली होती. हे सगळं हिशेबात बसत होतं. आणि दुसरंही एक बसत होतं. आम्हीही आता, याच क्षणी, इथे मोठमोठ्यानं बोलत होतो.

"काय लिवलं वं?" आत्याबाईंनी विचारलं.

माझ्यामागे साठ माणसं उभी होती. खुशाल माझ्या खांद्यावरून वाकला, पण त्याला काळा पडदा दिसला असणार. जगात एकाच जागी, एकाच कलात, एकाच हातात ते शब्द उघडे होते.

"लिहिलंय," मी म्हणाले, "आत आग आहे. भिंत फोडू नका. वस्ती रिकामी करा."

"पुन्हा वाच," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. माझा आवाज फुटला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

खुशालनं घण खाली ठेवला. दिवाकर ओव्हरमन होता. आत त्याचा शब्द शेवटचा असायचा. माझ्या आकड्यांवर एक माणूस हलला नसता. त्याच्या नावावर तीनशे घरं दुपारपर्यंत गाठोडी बांधून रस्त्यावर आली. चार दिवसांनी उताराच्या अलीकडची जमीन खचली आणि आठ घरं आणि शाळेची एक भिंत आत गेली. आत कोणी नव्हतं. मग कंपनी आली, आग विझवायला नायट्रोजनचे टँकर आले, मोठमोठे साहेब आले. त्यांनी माझं कौतुक केलं.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही सामानावर बसलो होतो. आत्याबाईंनी ताट पदराखाली धरलं होतं. वस्ती मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "माह्यासाठी काई लिवलं होतं का त्यानं?"

"लिहिलं होतं. आईला सांभाळ म्हणून."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पुरलं. मग म्हणाल्या, "तू उत्तर धाडलं का त्याले?"

"धाडलं," मी म्हणाले.

मी धाडलं नव्हतं. आधीच्या तीनही वेळा पाठवलं होतं, या वेळी नाही. भिंतीपाशी गुडघ्यावर असताना मी उत्तर लिहिलं होतं, एकच शब्द. फोन योग्य जागी, योग्य कलात होता. अंगठा तेवढा दाबायचा होता. समोर 'पोचला' आलं असतं आणि तिथेच राहिलं असतं, याची मला नव्याण्णव टक्के खात्री होती. पण ते 'उघडला' झालं असतं, तर मला भिंत फोडावी लागली असती.

मी तो शब्द पुसला, उठले आणि लोकांना म्हणाले, चला.